शांतिसेना लढाईत कशी ओढली गेली : श्रीलंकेतील बत्तीस महिने

परदेशात सैन्य पाठवावे की नाही, हा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवरील चर्चांत बहुतेक वेळा धैर्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो. जो पाठवा म्हणतो तो शूर आणि जो थांबा म्हणतो तो भित्रा, अशी सोपी वाटणी होते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. सैन्य कोणाच्या बोलावण्यावरून जाते, त्याला नेमके कोणते काम दिले जाते, ते काम झाले हे कशावरून ठरवायचे आणि परत कधी यायचे, या गोष्टींची उत्तरे निघण्यापूर्वी सैन्य नुसते निघाले तर काय होते, हे समजून घेण्यासाठी भारतीय वाचकाला व्हिएतनाम किंवा अफगाणिस्तानपर्यंत जाण्याची गरज नाही. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. रामेश्वरमपासून फार दूर नसलेल्या त्या बेटावर आपले जवळपास १,२०० सैनिक कामी आले. संख्येच्या मानाने या मोहिमेची चर्चा आपल्याकडे फारच थोडी झाली आहे.

ही मोहीम समजण्यासाठी तिच्यामागचा वाद आधी थोडक्यात पाहावा लागेल. १९४८ साली स्वतंत्र झालेल्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सिंहली बहुसंख्य होते, तर उत्तर आणि पूर्व भागांत तमिळ भाषकांची मोठी वस्ती होती. स्वातंत्र्याच्या वर्षीच झालेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने चहामळ्यांवर राबणाऱ्या, मूळच्या भारतीय असलेल्या लाखो तमिळ मजुरांचे नागरिकत्व हिरावले गेले. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. पुढे विद्यापीठातील प्रवेशांचे नियम असे बदलले गेले की तमिळ विद्यार्थ्यांना वरचे गुण मिळवूनही जागा मिळणे अवघड झाले. १९८१ साली उत्तरेकडील जाफना या तमिळ शहराचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले आणि त्यात दुर्मीळ हस्तलिखितांसह हजारो ग्रंथांची राख झाली. जुलै १९८३ मध्ये तमिळ वाघ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिट्टे या संघटनेने जाफन्याजवळ १३ सैनिकांना ठार केले, तेव्हा कोलंबोत आणि इतरत्र तमिळांविरुद्ध भीषण दंगली उसळल्या. घरदार सोडून लाखाहून अधिक माणसे पुढच्या काही वर्षांत समुद्र ओलांडून तमिळनाडूत आली.

भारताने यानंतर दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी केल्या. एकीकडे श्रीलंकेचे सरकार आणि तमिळ गट यांच्यात मध्यस्थी चालू ठेवली, १९८५ साली भूतानमधील थिंफू येथे बोलणीही घडवून आणली. दुसरीकडे भारताच्या गुप्तचर यंत्रणेने लिट्टेसह अनेक तमिळ गटांच्या तरुणांना तमिळनाडूत आणि त्या वेळच्या उत्तर प्रदेशात शस्त्रांचे शिक्षण दिले. कोलंबोवर दाब ठेवायचा, पण बेटाचे तुकडे होऊ द्यायचे नाहीत, असा त्यामागचा हिशेब होता. हत्यार दुसऱ्याच्या हातात दिले की ते कोणावर चालवायचे हे आपण ठरवू शकत नाही, ही गोष्ट या हिशेबात धरलेली नव्हती. लिट्टेला स्वतंत्र तमिळ राष्ट्र हवे होते आणि भारताला ते नको होते, हा मतभेद सुरुवातीपासून उघड होता. दोन्ही बाजूंनी तो सोयीपुरता झाकून ठेवला.

१९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पात मोठी मोहीम उघडली. भारताने मदतसामग्री घेऊन निघालेल्या बोटी पाठवल्या, त्या श्रीलंकेच्या नौदलाने ३ जून रोजी परत फिरवल्या, आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर अन्नधान्य आणि औषधे टाकली. सामग्री २५ टनांच्या आसपास होती, म्हणजे एका शहराची भूक भागवण्यास ती पुरेशी नव्हती. संदेश मात्र पुरेसा स्पष्ट होता. अध्यक्ष जयवर्धने यांनी तो ओळखला आणि २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या नौदलातील एका सैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. ते वेळीच वाकल्यामुळे घाव डोक्यावर बसला नाही. करार त्या देशातील बहुसंख्य समाजाला कसा वाटला, याचे ते चोवीस तासांच्या आत मिळालेले उत्तर होते.

हा करार बारकाईने वाचला तर पुढे जे घडले त्याचे बीज त्यातच सापडते. श्रीलंका एकसंध राहील, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते जोडून त्यांना निवडून आलेली प्रांतिक परिषद मिळेल, ४८ तासांत लढाई थांबेल आणि त्यानंतरच्या ७२ तासांत तमिळ गट शस्त्रे खाली ठेवतील, असे त्यात ठरले होते. सोबतच्या परिशिष्टात असे कलम होते की गरज पडल्यास श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिसेनेला पाचारण करतील आणि ती सेना शस्त्रसंधीची हमी देईल व तिची अंमलबजावणी करील. ज्यांनी शस्त्रे टाकायची होती त्या लिट्टेची मात्र या कागदावर सही नव्हती. त्यांचा नेता प्रभाकरन त्या वेळी दिल्लीतील एका हॉटेलात जवळजवळ नजरकैदेत होता आणि त्याच्याकडून मिळालेला होकार किती मनापासून आहे, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा होती. दोन भाऊबंदांच्या वाटणीत तिसऱ्याने जामीन राहावे आणि त्यातल्या एकाने वाटणीपत्रावर अंगठाच उठवलेला नसावा, तशी भारताची स्थिती झाली.

येथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या नेहमीच्या शांतिमोहिमेत दोन्ही पक्ष लढून थकलेले असतात, दोघांची संमती असते, मधली फौज निःपक्षपाती असते आणि ती स्वसंरक्षणापुरतेच शस्त्र वापरते. अशा मोहिमांचा भारतीय सेनेला १९५० च्या दशकापासून अनुभव आहे. शांतता लादणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे फौजेला कोणाला तरी जबरदस्तीने नमवायचे असते, त्यासाठी लढाईची तयारी, पुरेशी कुमक, माहितीचे जाळे आणि स्पष्ट हुकूम लागतात. श्रीलंकेत गेलेल्या सेनेचे नाव पहिल्या प्रकारचे होते आणि कलम दुसऱ्या प्रकारचे होते. संयुक्त राष्ट्रांचा काही संबंधच नव्हता, मोहीम पूर्णपणे दोन सरकारांमधील करारावर उभी होती. हमी आणि अंमलबजावणी हे दोन शब्द शेजारी लिहिताना दिल्लीत कोणी थांबून विचार केला होता का, याची शंका येते, कारण सह्या झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, ३० जुलै रोजी, पहिल्या तुकड्या जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरल्या.

त्या तुकड्या मेजर जनरल हरकिरत सिंग यांच्या ५४ व्या पायदळ डिव्हिजनच्या होत्या आणि संपूर्ण मोहिमेची सूत्रे लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे होती. ते पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे प्रमुख होते. कित्येक पलटणी अपुऱ्या मनुष्यबळानिशी निघाल्या. काही जवान रजेवर, काही प्रशिक्षणाला, जड सामान मागे, अशी अवस्था होती, कारण जायचे ते शांतता राखायला असे सर्वांना सांगितलेले होते. नकाशे जुने होते. तमिळ जाणणारे दुभाषे मोजके होते. अधिकाऱ्यांना ज्या लिट्टेशी गाठ पडण्याची शक्यता होती तिच्या बळाबद्दल मिळालेली माहिती तिला कमी लेखणारी होती आणि ती त्याच यंत्रणेकडून आली होती जिने या मुलांना शिकवले होते.

पहिले दोन महिने बरे गेले. जाफन्यातील लोकांनी भारतीय जवानांना हार घातले. ४ ऑगस्ट रोजी सुदुमलै येथील जाहीर सभेत प्रभाकरनने सांगितले की आपण शस्त्रे भारताच्या स्वाधीन करत आहोत आणि तमिळांच्या संरक्षणाची जबाबदारी यापुढे भारताची आहे. दुसऱ्या दिवशी काही शस्त्रे समारंभपूर्वक खाली ठेवली गेली, पण त्यांत जुनीपानी बरीच होती आणि चांगली शस्त्रे जमिनीखाली गेली. सप्टेंबरमध्ये थिलीपन हा लिट्टेचा तरुण पुढारी मागण्यांसाठी अन्नपाणी सोडून बसला आणि बाराव्या दिवशी मरण पावला. त्याच्या मृत्यूने लोकमत फिरू लागले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने समुद्रात लिट्टेच्या १७ जणांना पकडले. त्यांत दोन वरिष्ठ कमांडर होते. कोलंबो त्यांना चौकशीसाठी राजधानीत नेण्यावर अडून बसले, भारतीय अधिकारी ते थांबवू शकले नाहीत, आणि ५ ऑक्टोबर रोजी पलाली येथे त्या सर्वांनी सायनाइडच्या कुप्या चावल्या. बारा जण मेले. हमीदार आपल्या हमीखालील माणसांना वाचवू शकत नाही, असा प्रचार लिट्टेला आयताच मिळाला. त्यानंतर पूर्व भागात सिंहली नागरिकांच्या कत्तली झाल्या आणि दिल्लीने सेनेला लिट्टेकडून बळाने शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम दिला.

शांतता राखायला आलेली फौज एका आठवड्यात लढाईत उतरली, ती ही अशी. या क्रमात कोणताही एक निर्णय वेडेपणाचा दिसत नाही. कराराची इभ्रत राखायची, कत्तली थांबवायच्या, जगासमोर तोंडघशी पडायचे नाही, या सगळ्या समजण्यासारख्या भावना आहेत. परंतु प्रत्येक पायरीवर मागे फिरण्याची किंमत आदल्या पायरीपेक्षा जास्त वाटू लागते, आणि एकदा सैन्य जमिनीवर असले की सरकारला ते वापरण्यापेक्षा न वापरणे अधिक अवघड जाते. परदेशी हस्तक्षेपाच्या इतिहासात हे वारंवार दिसते.

ऑपरेशन पवन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारवाईची सुरुवात ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर झाली. विद्यापीठाच्या आवारात लिट्टेचे मुख्यालय होते आणि हेलिकॉप्टरमधून अचानक उतरून प्रभाकरनसह वरचे नेते पकडायचे, असा बेत होता. आधी पॅरा कमांडोंनी उतरून मैदान ताब्यात घ्यायचे आणि मग १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी त्यांना येऊन मिळायचे. लिट्टेने भारतीयांचे बिनतारी संदेश आधीच ऐकले होते. मैदानाभोवतीच्या इमारतींतून जड मशिनगनचा मारा सुरू झाला, हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या आणि पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. तोवर शीख लाइट इन्फन्ट्रीचे केवळ ३० जण उतरले होते. त्यांचा बिनतारी संच सुरुवातीलाच निकामी झाला, त्यामुळे त्यांच्यावर काय प्रसंग ओढवला आहे हे मागे कोणालाच कळेना. ते रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपार होत आली तरी लढत राहिले. दारूगोळा संपला तेव्हा उरलेल्या तिघांनी बंदुकींना संगिनी लावून चाल केली. ३० पैकी २९ ठार झाले आणि एक जण जिवंत पकडला गेला. मैदानावर काय घडले ते नंतर जगाला कळले ते मुख्यतः त्याच्यामुळे. कमांडोंची तुकडी जवळच्या वस्तीत अडकली होती, रणगाड्यांनी रेल्वेच्या रुळांवरून येऊन तिची सुटका केली.

या एका रात्रीत पराक्रमाची कमतरता कुठेच नव्हती, हे मुद्दाम नोंदवायला हवे. कमतरता होती ती माहितीची, गुप्ततेची आणि मोहिमेचा हेतू व साधने यांच्यातल्या मेळाची. शौर्याच्या कथा सांगताना आपण हा भाग गाळतो आणि त्यामुळे त्या २९ जणांवर अन्यायच करतो.

जाफना शहर पडायला दोन आठवडे लागले. नारळी-ताडांच्या बागा, घराघरांना उंच कुंपणे, अरुंद गल्ल्या आणि प्रत्येक मोरीखाली पुरलेले स्फोटकांनी भरलेले पिंप, अशा प्रदेशात पायदळ तासाला काही शे मीटरच सरकत होते. लिट्टेच्या पोरांकडे हलकी, झरझर गोळ्या झाडणारी एके-४७ धर्तीची रायफल होती आणि आपल्या जवानांच्या हातात लांब, वजनदार एसएलआर होती, जिचा उपयोग मोकळ्या मैदानावर अधिक. नागरी वस्तीमुळे तोफखाना आणि हवाई मारा यांवर निर्बंध होते. पाच दिशांनी शहराकडे सरकणाऱ्या फौजांमध्ये पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री आणि आठवी महार या पलटणीही होत्या. या पहिल्या टप्प्यातच २०० हून अधिक भारतीय सैनिक मारले गेले. शत्रूने गणवेश घातलेला नव्हता. दिवसा सायकलवरून जाणारा मुलगा रात्री घात लावून बसलेला असे, आणि त्या मुलाला ओळखणारे शेजारी त्याचे नाव सांगत नसत, काही प्रेमापोटी आणि काही भीतीपोटी, कारण लिट्टे खबऱ्यांना विजेच्या खांबाला बांधून गोळ्या घालत असे.

अशा युद्धात सामान्य माणसाचे काय होते, हे जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात दिसले. २१ ऑक्टोबर रोजी, दिवाळीच्या दिवसांत, भारतीय सैनिक रुग्णालयात शिरले. तेथून लिट्टेने आधी गोळीबार केला होता, असे सेनेचे म्हणणे होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ६० ते ७० रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मारले गेले. वाचलेल्यांनी दिलेल्या हकिकतींनुसार हात वर करून बाहेर येणाऱ्या डॉक्टरांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरै येथे गस्तीवरील जवानांवर हल्ला झाल्यानंतर गावात पुन्हा असाच रक्तपात झाला. आपल्याकडे या घटनांबद्दल बोलणे म्हणजे सेनेचा अपमान, अशी समजूत आहे. मला ती चुकीची वाटते. काल रात्री शेजारचा मित्र मोरीखालच्या स्फोटात उडालेला पाहणाऱ्या, भाषा न समजणाऱ्या, कोण शत्रू आणि कोण नागरिक हे सांगता न येणाऱ्या विशीतल्या मुलांना अनोळखी शहरात सोडले की असे घडण्याची शक्यता प्रत्येक देशाच्या फौजेत असते. त्याने त्या कृत्याचा दोष कमी होत नाही. मात्र सैन्य पाठवण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी ही शक्यता आधीच खर्चाच्या बाजूला मांडायला हवी असते.

शहर हाती आले तरी युद्ध संपले नाही. लिट्टे जाफन्याच्या दक्षिणेकडील वन्नीच्या जंगलात गेली आणि रस्त्यांवर, गावांत, बाजारात घात लावू लागली. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या आठव्या महारच्या तुकडीवर असाच दबा धरून हल्ला झाला. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी थोड्या जवानांसह वळसा घालून हल्लेखोरांना मागून गाठले. समोरासमोरच्या झटापटीत छातीत गोळी लागली असताना त्यांनी एका अतिरेक्याची रायफल हिसकावून त्यालाच मारले आणि अखेरच्या क्षणापर्यंत ते जवानांना आदेश देत राहिले. ते मुंबईत जन्मलेले आणि तिथेच शिकलेले होते. श्रीलंकेतील कामगिरीसाठी दिलेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे.

घात लावून लढणाऱ्या शत्रूशी लढताना संख्या वाढवणे हा पहिला उपाय सुचतो आणि तो येथेही झाला. काही हजारांनी सुरू झालेली शांतिसेना वाढत वाढत ८०,००० च्या आसपास गेली. तिने उत्तर आणि पूर्व भागांतील जवळजवळ सर्व शहरे आणि मुख्य रस्ते ताब्यात ठेवले आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये प्रांतिक परिषदेची निवडणूकही पार पाडून दाखवली. लष्करी अर्थाने ती हरली नाही. पण अशा लढ्यात विजयाची मोजणी मारलेल्या शत्रूंवरून होत नाही. लोकांना रात्री दार कोणाच्या भीतीने लावावेसे वाटते आणि कोणाला हाक मारावीशी वाटते, यावरून ती होते. निवडणुकीतून सत्तेवर आलेल्या मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांच्या पक्षाचा कारभार शांतिसेनेच्या आधारावर उभा होता. त्यांच्यासाठी उभारलेल्या तमिळ दलात शाळकरी वयाची मुले बळजबरीने भरती केली गेली आणि त्यामुळे राहिलेली सहानुभूतीही आटली.

दक्षिणेत दरम्यान दुसरीच आग लागली होती. भारतीय फौजेच्या उपस्थितीचा निषेध करत जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली डाव्या राष्ट्रवादी संघटनेने बंड पुकारले आणि त्या बंडात व ते मोडताना हजारो सिंहली तरुण मेले. डिसेंबर १९८८ च्या निवडणुकीत कराराचे कट्टर विरोधक रणसिंघे प्रेमदासा अध्यक्ष झाले. त्यांनी लिट्टेशी बोलणी सुरू केली आणि १ जून १९८९ रोजी जाहीर सभेत भारतीय सेनेने जुलैअखेर देश सोडावा असे सांगून टाकले. प्रेमदासा सरकारने शांतिसेनेविरुद्ध वापरण्यासाठी लिट्टेला शस्त्रे पुरवली, हे नंतर उघड झाले. म्हणजे ज्या सरकारच्या निमंत्रणावरून भारतीय जवान तेथे गेले होते, त्याच सरकारने दिलेल्या गोळ्या आता त्यांच्यावर झाडल्या जात होत्या. निमंत्रणावर उभ्या असलेल्या मोहिमेची ही सर्वांत मोठी कमजोरी असते. निमंत्रण देणारा बदलतो, आणि नव्याला पाहुणा नको असतो.

डिसेंबर १९८९ मध्ये भारतातही सरकार बदलले. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने माघार पूर्ण केली आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रास बंदरावर उतरणाऱ्या सैनिकांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी मोहीम काढली, त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या राज्यातच ती नकोशी झाली होती. फौज निघताच लिट्टेने तमिळ दलाचा फडशा पाडून त्याची शस्त्रे उचलली आणि जून १९९० मध्ये श्रीलंकेच्या सरकारशीच पुन्हा युद्ध पुकारले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे लिट्टेच्या मानवी बॉम्बने राजीव गांधींचा जीव घेतला आणि १ मे १९९३ रोजी कोलंबोत प्रेमदासाही तसेच मारले गेले. ते गृहयुद्ध संपायला मे २००९ उजाडला.

दोष कोणाचा, यावर नंतर बरेच लिहिले गेले. दीपिंदर सिंग, हरकिरत सिंग आणि त्या वेळचे कोलंबोतील उच्चायुक्त जे. एन. दीक्षित या तिघांनीही आपापल्या आठवणी पुस्तकरूपाने मांडल्या आणि त्या शेजारी ठेवून वाचल्या की तिघे एकाच मोहिमेबद्दल बोलत आहेत का, असा प्रश्न पडतो. सेनेला हुकूम दिल्लीहून येत, कोलंबोहूनही येत, आणि गुप्तचर यंत्रणा लिट्टेशी स्वतंत्रपणे संपर्क ठेवून होती. एका गाडीला इतके सारथी झाले की घोडे कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

यावरून परदेशात सैन्य कधीच पाठवू नये, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण त्याच दशकात उलट उदाहरणही घडले. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये ऐंशीच्या आसपास भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी राजधानी माले बळकावण्याचा प्रयत्न केला आणि अध्यक्ष गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. आग्र्याहून उडालेली छत्रीधारी सैनिकांची विमाने त्याच रात्री हुलहुले विमानतळावर उतरली, काही तासांत अध्यक्ष सुरक्षित झाले आणि ओलीस घेऊन पळालेले जहाज नौदलाने गाठले. निमंत्रण निर्विवाद होते, शत्रू मोजता येत होता, स्थानिक जनता त्याच्या बाजूने नव्हती आणि काम कधी संपले हे सर्वांना दिसत होते. १९७१ चे युद्ध आकाराने कितीतरी मोठे, परंतु तेथेही बांगलादेशातील बहुसंख्य जनता भारताच्या बाजूने होती, लष्कराने तयारीसाठी कित्येक महिने मागून घेतले होते, युद्ध १३ दिवसांत संपले आणि मार्च १९७२ पर्यंत आपली फौज परतही आली. ढाक्यात आणखी दोन वर्षे राहून तेथील कायदा-सुव्यवस्था सांभाळायचे ठरले असते तर १९७१ ची आठवण आज किती वेगळी असती, याचा विचार करून पाहावा.

श्रीलंकेचा धडा दिल्ली विसरली नाही, हे २००३ साली दिसले. इराकचा ताबा घेतल्यानंतर अमेरिकेने भारताकडे एक पूर्ण डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७,००० सैनिक मागितले. अमेरिकेशी संबंध सुधारत होते, पुनर्बांधणीच्या कंत्राटांची आशा होती आणि सरकारमध्येही पाठवावे असे म्हणणारे होते. लोकसभेने त्याआधी एप्रिलमध्ये इराकवरील युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला होता. वाजपेयी सरकारने अमेरिकी अधिकाऱ्यांकडून फौज कोणाच्या हुकमतीखाली राहील यासारखे खुलासे मागितले, विरोधी पक्षांशी चर्चा केली आणि १४ जुलै २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य पाठवता येणार नाही असा निर्णय कळवला. पुढच्या वर्षांत इराकमध्ये जे झाले ते पाहता, तो निर्णय घेणाऱ्यांना कोणी भित्रे म्हणत नाही.

सैन्य बाहेर पाठवण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी, अशी तरतूद आपल्या घटनेत नाही. १९८७ साली करार कोलंबोत झाला, फौज दुसऱ्या दिवशी उतरली आणि संसदेत चर्चा झाली ती गोष्टी घडून गेल्यावर. मालदीवसारख्या प्रसंगी काही तासांत निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा सभागृह बोलावणे शक्य नसते, हे मान्य करूनही दीर्घ मुक्कामाच्या मोहिमेसाठी, तिचा हेतू, मुदत आणि खर्च लेखी मांडून, ठरावीक दिवसांच्या आत संसदेची मंजुरी सक्तीची करायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही. ज्या कराराने ही मोहीम सुरू झाली त्यातून श्रीलंकेच्या राज्यघटनेची, प्रांतिक परिषदा देणारी तेरावी दुरुस्ती जन्मली. उत्तर आणि पूर्व प्रांतांचे एकत्रीकरण तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली रद्द केले, एकट्या उत्तर प्रांताची पहिली निवडणूक व्हायला २०१३ साल उजाडले, आणि त्या परिषदेची मुदत २०१८ साली संपल्यानंतर कित्येक वर्षे तेथे पुन्हा मतदान झाले नाही.